घरात आजींचं कोण करतं? : तेरा प्रश्नांच्या एका यादीची उलटतपासणी

पीएचडी करणाऱ्या मुलीला 'लग्न ठरलं का?'च्या खालोखाल कुठला प्रश्न विचारला जात असेल, तर तो म्हणजे 'टूल ठरलं का?' टूल म्हणजे आपली प्रश्नावली. विषय मिळाला, गाईड मिळाले, की आपण इंटरनेटवर बसतो, कुणीतरी आधीच प्रमाणित केलेली एखादी यादी शोधतो, तिचं मराठी करून घेतो आणि सुटकेचा नि:श्वास टाकतो. मीही हेच केलं. माझा विषय आहे खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी आलेल्या वृद्ध रुग्णांची काळजी घेणारे घरचे लोक. आणि मला जी यादी सापडली ती इतकी चपखल होती की मी दोन दिवस हवेत होते. आज तिच्याचबद्दल लिहायचंय, कारण तुमच्यापैकी बरेच जण तीच किंवा तिची एखादी बहीण वापरणार आहात.

यादीचं नाव 'केअरगिव्हर स्ट्रेन इंडेक्स'. बेट्सी रॉबिन्सन यांनी ती १९८३ साली 'जर्नल ऑफ जेरोंटॉलॉजी'मध्ये प्रसिद्ध केली. तेरा प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही, प्रत्येक 'हो'ला एक गुण. झोप मोडते का, शारीरिक कष्ट पडतात का, घराबाहेर पडता येईनासं झालंय का, नोकरी-कामात बदल करावे लागले का, पैशांची ओढाताण होते का, सगळं हाताबाहेर गेल्यासारखं वाटतं का, अशा धर्तीचे प्रश्न. सात किंवा त्याहून जास्त 'हो' आले की ती व्यक्ती जास्त ताणाखाली आहे असं धरायचं. दहा मिनिटांचं काम.

मी हवेत असण्याचं कारण असं की ही यादी तयारच झाली ती नुकत्याच हॉस्पिटलातून घरी आलेल्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आणि हृदयविकाराच्या वृद्ध रुग्णांच्या नातेवाईक-मित्रांवर. काळजी घेणाऱ्यांचं ओझं मोजणारी दुसरी प्रसिद्ध प्रश्नावली झॅरिट, रीव्हर आणि बाख-पीटरसन यांची, १९८०ची. ती स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी होती. स्मृतिभ्रंश हळूहळू येतो, घर त्याच्याबरोबर वाकत जातं. खुब्याचं हाड मात्र मंगळवारी सकाळी मोडतं आणि पुढच्या मंगळवारी माणूस वॉकर घेऊन दारात उभं असतं. तयारीला वेळच नाही. तेव्हा रॉबिन्सनबाईंनी हे घर वेगळं ओळखलं, आणि तेही १९८३ साली, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पुढे जी टीका करणार आहे ती हे श्रेय देऊन.

आता आमच्या घरी चला. आम्ही देवळाली कॅम्पचे. नाव ऐकून पुण्या-मुंबईच्या लोकांना दोन गोष्टी आठवतात, तोफखान्याचं स्कूल आणि हवा. ब्रिटिशांच्या काळात इथे सैनिकांचा मोठा तळ होता. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे शिपाई इथे महिनोन्महिने पडून असायचे आणि त्यातल्या काहींचं डोकं फिरायचं, म्हणून इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलाली' असा शब्द आला, तो आमच्याच गावावरून. दुसरीकडे हीच हवा चांगली म्हणून मुंबईच्या पारशी, गुजराती मंडळींनी इथे सॅनिटोरियम बांधली. आजारातून उठलेला माणूस इथे येऊन राहायचा, पण एकटा नाही, त्याचं करायला घरची माणसं बरोबर असायची. म्हणजे आमचं गाव दीडशे वर्षं बरं होणाऱ्यांचं आणि त्यांच्याजवळ बसून राहणाऱ्यांचं गाव आहे. बसून राहणाऱ्यांची नोंद मात्र कुठेच सापडत नाही.

आमची आजी श्रावणात पडली. जुनं घर, संडास मागच्या अंगणात, शहाबादी फरशीवर शेवाळ. मांडीचं हाड खुब्याच्या मानेशी मोडलं. नाशिकरोडला ऑपरेशन झालं, अर्धा सांधा बदलला, आणि आठवड्याभरात अँब्युलन्स लॅम रोडवरून तिला घरी घेऊन आली. डिस्चार्जच्या कागदावर सूचना होत्या, इंग्रजीत: उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खुर्ची गुडघ्यापेक्षा खाली नको. तुम्हीच सांगा, पंच्याहत्तर वर्षं जमिनीवर बसून जेवलेल्या, भाजी निवडलेल्या, पूजा केलेल्या बाईला यातलं काय उरतं? पण सांधा नवीन असताना पाय जास्त वाकला किंवा आत वळला तर तो निखळू शकतो, म्हणून पहिले काही आठवडे हे पाळावंच लागतं. म्हणजे कमोडची खुर्ची आली, पलंगाखाली विटा आल्या, झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी आली. आणि ती उशी रात्री तीनदा सरकते, तेव्हा ती परत लावणारं कुणीतरी आलं.

त्या डिस्चार्जच्या कागदावर सही बाबांची. फिजिओथेरपिस्टने पलंगावरून कसं उठवायचं, वॉकर आधी की पाय आधी, हे शिकवलं तेही बाबांनाच. यात कुणाची चूक नव्हती. सकाळी अकराला भेटायच्या वेळेत पलंगाशेजारी तेच होते. आई त्या वेळी घरी पलंगाखाली विटा लावत होती.

आजी घरी आल्यावर चौथ्या आठवड्यात मी माझी ती चपखल यादी बाहेर काढली. संशोधन म्हणून नाही, सवय व्हावी म्हणून. आईला तेरा प्रश्न विचारले, बाबांना तेरा प्रश्न विचारले. हे दोन माणसांचं उत्तर आहे, याला डेटा म्हणू नका. पण उत्तरं ऐका.

'झोप मोडते का?' आई म्हणाली, "नाही गं, मी जागीच असते."

'तुझे स्वतःचे काही बेत बदलावे लागले का?' "माझे कसले बेत?"

'कामात बदल?' "नाही. मी काय नोकरी करते?" आई सकाळी सात-आठ पोरांच्या शिकवण्या घ्यायची. त्या श्रावणापासून बंद होत्या. मी आठवण करून दिली तर म्हणाली, "अगं, ते काय काम आहे का!"

'पैशांची ओढाताण?' "ते ह्यांना विचार."

'आजीचं वागणं बघून वाईट वाटतं का, आजी बदलली असं वाटतं का?' या वेळी आईने फक्त डोळ्याने पलंगाकडे खूण केली. पलंग चार हातांवर. आजीचं ऐकणं अजून तल्लख.

आईचे गुण आले दोन. एक पाठ धरल्याचा, दुसरा घरातल्या वेळा बदलल्याचा. बाबांचे आले आठ. त्यांची झोप मोडायची (आई उठली की दिवा लागायचा), त्यांच्या रजा गेल्या होत्या, त्यांच्या मित्रांबरोबरची अष्टविनायकाची सहल रद्द झाली होती, पैशांचं टेन्शन होतंच. बाबांनी यातलं काहीही वाढवून सांगितलं नव्हतं. सगळं खरं होतं. आणि यादीच्या नियमाप्रमाणे आमच्या घरात मदतीची गरज असलेली व्यक्ती ठरली बाबा.

इथे थांबून स्वतःला विचारा, चूक कुठे झाली? विद्यार्थी पटकन म्हणतात, भाषांतर कच्चं असणार. मीही आधी तेच म्हटलं. मग ती पद्धत केली जी आपल्याला शिकवतात: इंग्रजीचं मराठी एकाने करायचं, मराठीचं परत इंग्रजी दुसऱ्याने करायचं, दोन्ही इंग्रजी जुळवून बघायची. जुळली. 'बर्डन'चं 'ओझं' केलं तर ते उलट येताना 'बर्डन'च येतं, अगदी सुखरूप. पण मराठी घरात सासू आतल्या खोलीत असताना 'तुम्हाला त्यांचं ओझं वाटतं का?' असं विचारून बघा. शब्द बरोबर आहे, फक्त त्याला देता येण्यासारखं उत्तर नाही. उलट-भाषांतर शब्द तपासतं. प्रश्न कुणापुढे, कुणाच्या कानावर पडत विचारला जातोय, हे ते तपासू शकत नाही.

दुसरी पळवाट म्हणजे विश्वसनीयतेचा आकडा. मूळ निबंधात क्रोनबाख अल्फा ०.८६ आहे. व्हायवात हा आकडा सांगितला की समोरचे मान डोलावतात. पण अल्फा काय सांगतो ते नीट समजून घ्या. यादीतले प्रश्न एकमेकांबरोबर चालतात, एकाला 'हो' म्हणणारा साधारणपणे दुसऱ्यालाही 'हो' म्हणतो, एवढंच तो सांगतो. उत्तर देणारं माणूस बरोबर निवडलंय की नाही, हे त्याला ठाऊकच नसतं. तुम्ही शंभर घरांत शंभर बाबांना विचारलंत तरी अल्फा झकास येईल. कदाचित जास्तच चांगला.

पुढे २००३ साली थॉर्नटन आणि ट्रॅव्हिस यांनी या यादीची सुधारित आवृत्ती काढली. हो-नाही ऐवजी तीन पर्याय दिले, गुण २६ पर्यंत गेले. चांगली सुधारणा आहे. हो आणि नाहीच्या मध्ये बरंच काही असतं. पण पट्टीवर जास्त रेघा मारल्या म्हणून पट्टी दुसऱ्या माणसाला लागत नाही.

माझा मुख्य आक्षेप यादीतल्या कुठल्याही प्रश्नावर नाहीये. तो यादीच्या आधी येणाऱ्या, कुणीच न छापलेल्या चौदाव्या प्रश्नावर आहे: उत्तर कोण देणार? अशा बहुतेक अभ्यासांत 'मुख्य काळजीवाहक' नावाची एक व्यक्ती गृहीत धरलेली असते. एक घर, एक रुग्ण, एक काळजीवाहक. त्या व्यक्तीला स्वतःची नोकरी असते, स्वतःचे बेत असतात, आणि काळजी हे त्या चालत्या आयुष्यात घुसलेलं काहीतरी असतं. ताण म्हणजे या घुसखोरीचं मोजमाप. जिच्या आयुष्यात काळजी घेणं बाहेरून घुसलेलंच नाही, लग्नाच्या दिवसापासून ते तिचं कामच मानलं गेलंय, तिचा ताण या पट्टीवर शून्याकडे जाणार. ती थकलेली नाही असं नाही. तिच्याकडे मोडायला बेतच नव्हता.

आणि 'काळजीवाहक' हा शब्द तरी आपण कुठून आणला? काळजीवाहू सरकार असतं, तेही निवडणुकीपुरतं. घरात हा शब्द कुणी वापरत नाही. मराठीत यासाठी एक साधं क्रियापद आहे, आणि ते इतकं साधं आहे की आपल्या लक्षातच येत नाही: करणं. 'सासूबाईंचं मीच करते.' 'त्यांचं करायला कुणी नाही.' 'शेवटी धाकटीनेच केलं हो त्यांचं.' काय केलं ते सांगायची गरज नसते. कमोड धुणं, पाठ पुसणं, औषधांची वेळ, उशी, रात्रीचं पाणी, सगळं त्या 'करण्यात' येतं. मी दुसऱ्या दिवशी बाबांनाच विचारलं, "बाबा, आजीचं कोण करतं?" क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "तुझी आई." आदल्या दिवशी 'मुख्य काळजीवाहक' या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. दोन्ही वेळा ते खरंच बोलत होते.

ही नुसती शब्दांची गंमत नाही, कारण कागदपत्रंही त्या रकान्यासारखीच चालतात. आमच्या भागात माजी सैनिकांची घरं पुष्कळ. २००३ साली सुरू झालेल्या ईसीएचएस योजनेखाली माजी सैनिक आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचा इलाज होतो. कार्डावर पत्नी असते, आई-वडील असतात. सून नसते. मुलगा पोस्टिंगवर, सासऱ्यांच्या नावे कार्ड, ऑपरेशन सासूचं, आणि करणारी जी आहे ती या साखळीत कुठेच नाही. आई-वडिलांच्या चरितार्थाचा २००७चा कायदा घ्या. त्यात 'मुलं' या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. जावई आणि सून यांना त्यात आणण्याचा प्रस्ताव २०१९च्या दुरुस्ती विधेयकात आला. म्हणजे सुनेचं नाव आलं ते जबाबदारी टाकण्यासाठी. तिच्या पाठीचं काय, हा प्रश्न तिथेही नाही.

मग आकडे कुठे शोधायचे? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं २०१९चं वेळ-वापर सर्वेक्षण जरूर उघडा. त्यात घरातल्यांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ १३४ मिनिटं आहे, पुरुषांचा ७६. आणि विनामोबदला घरकामाचा बायकांचा २९९, पुरुषांचा ९७. हे आकडे वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ही सरासरी ते काम करणाऱ्यांची आहे, सगळ्या लोकसंख्येची नाही. सिनॉप्सिसमध्ये 'भारतीय स्त्री रोज १३४ मिनिटं' असं लिहिलंत तर चुकलात. दोन, ही नोंद पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या कप्प्यांत होते. आई भाकरी करत असताना तिचा एक कान आतल्या खोलीकडे असतो. आजी एकटी उठायला गेली तर दुसरा खुबा जाईल, या भीतीने ती तीन महिने गल्लीच्या टोकापलीकडे गेली नाही. हाकेच्या अंतरावर असणं हे काम कुठल्या कप्प्यात टाकाल? भाकरीच्या कप्प्यात ते विरघळून जातं.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, मोजण्यात चूक असेल, पण त्याने बिघडतं काय? एक मोठा अभ्यास सांगते. 'अटेंड' नावाची चाचणी, २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. भारतातली १४ हॉस्पिटलं, १२५० रुग्ण. आजार पक्षाघाताचा होता, खुब्याचा नव्हे, पण विचार आपल्याच कामाचा: फिजिओथेरपिस्ट पुरेसे नाहीत, तर घरच्या माणसालाच हॉस्पिटलात शिकवू, पुढे घरी दोन महिने त्याचा पाठपुरावा करू. सहा महिन्यांनी बघितलं तर शिकवलेल्या गटात मृत्यू किंवा परावलंबित्वाचं प्रमाण ४७ टक्के, न शिकवलेल्या गटातही ४७ टक्के. काहीच फरक नाही. हा निकाल लपवून न ठेवता छापला गेला, म्हणून मला ही चाचणी फार आवडते. अशा निकालाची कारणं अनेक असू शकतात. भारतात न शिकवलेले घरचेही खूप काही करतच असतात, आणि विनापगारी माणसावर थेरपिस्टचं काम सोपवून ते होत नाही, ही दोन तरी मला पटतात. पण असं काही वाचताना माझ्या मनात आमचा सकाळी अकराचा पलंग येतो. शिकवण्यासाठी कुटुंबाने नेमून दिलेली व्यक्ती आणि घरी गेल्यावर करणारी व्यक्ती एकच असेल कशावरून? 'अटेंड'मध्ये तसं झालं असा माझा दावा नाही. तुमच्या अभ्यासात तसं होणार नाही याची तजवीज तुम्हाला आधीच करावी लागेल, एवढंच म्हणतेय.

जाता जाता झॅरिट यांच्या १९८०च्या निबंधातला एक निष्कर्ष, जो मूळ निबंध न वाचता नुसता हवाला देणाऱ्यांच्या हाती कधीच लागत नाही. त्यांनी फक्त २९ काळजीवाहकांना विचारलं होतं. रुग्ण किती त्रास देतो यावर ओझं ठरेल असं वाटत होतं, तसं दिसलं नाही. ज्या रुग्णाला भेटायला इतर नातेवाईक जास्त वेळा येत, त्याच्या काळजीवाहकाचं ओझं कमी निघालं. म्हणजे या विषयाच्या अगदी पहिल्या पानावरच उत्तराचा अर्धा भाग होता, की ओझं एका माणसात नसतं, माणसांच्या येण्या-जाण्यात असतं. आणि आपण चाळीस वर्षं तो एकेका माणसाचा स्कोअर म्हणून मोजतोय. (आमच्याकडे आत्या दर रविवारी यायची. आई रविवारी दुपारी दोन तास झोपायची. यादीत याला जागा नाही.)

तर मी ती यादी फेकून दिली का? नाही. गाईडनी स्पष्ट सांगितलं, प्रमाणित टूल नसेल तर समिती पुढे जाऊ देणार नाही, आणि त्यांचं खरं आहे. दुसऱ्या अभ्यासांशी तुलना करायची तर काहीतरी सामाईक लागतंच. मी यादी ठेवली आहे, पण तिच्या आधी तीन प्रश्न घातलेत आणि ते घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वेगवेगळे विचारायचे आहेत. घरात यांचं कोण करतं? काल रात्री पहिली हाक आली तेव्हा कोण उठलं? हॉस्पिटलात उठवायचं-बसवायचं कुणाला शिकवलं? पहिल्या आणि तिसऱ्या उत्तरात वेगवेगळी नावं आली, तर यादी दोघांनाही द्यायची आणि दोन्ही स्कोअर शेजारी-शेजारी लिहायचे. नमुना लहान होईल, कामाचा वेळ दुप्पट होईल. सिनॉप्सिसमध्ये याचं समर्थन द्यावं लागलं, त्यावर दोन बैठका गेल्या.

एक अडचण मात्र तशीच आहे. हे तीन प्रश्न मी आमच्याच घरात परत लावून पाहिले. आईला विचारलं, आजीचं कोण करतं? मला वाटलं होतं, आता तरी म्हणेल, मी. ती म्हणाली, "भांडी घासायला येतात ना त्या मावशी. सकाळी दुसऱ्या बाजूने त्या धरायच्या म्हणून आजी कमोडपर्यंत गेल्या. मला एकटीला कुठलं झेपायला?" मावशींना मी कधीच काही विचारलं नव्हतं. त्या नात्याच्या नाहीत, ब्युरोच्या नाहीत, या कामाचे पैसे घेत नव्हत्या आणि माझ्या निवडीच्या निकषांत 'कुटुंबातील सदस्य' असा शब्द आहे. तो बदलायचा तर एथिक्स कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. अर्ज भरून ठेवलाय, 'रुग्णाशी नाते' या रकान्यात मावशींसाठी काय लिहायचं तेवढं राहिलंय.